एकटीचं पहिलं घर आणि महिन्याचा हिशेब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बार्शीहून पुण्यात आले त्याला अकरा वर्षं झाली. आधी कर्वेनगरला कॉट बेसिसवर, मग दोन मैत्रिणींबरोबर भाड्यानं, मग एकटी भाड्यानं, आणि गेली दोन वर्षं धायरीत स्वतःच्या वन बीएचकेत. घर घेतल्यापासून ऑफिसच्या कँटीनमध्ये, मामेबहिणींच्या फोनवर, अगदी लिफ्टमध्येसुद्धा तेच तेच प्रश्न येतात. म्हणून उत्तरं एकदा बसून लिहून काढली. आकडे माझे आहेत. तुमचे घालून गणित पुन्हा मांडा.

माझ्या पगारात केवढ्याचं घर बसेल?

हे बँकेला विचारू नका. म्हणजे विचारा, पण ऐकू नका. माझे हातात ७२,००० रुपये येतात. बँकेतल्या माणसानं कॅल्क्युलेटरवर दोन बटणं दाबली आणि म्हणाला, "मॅडम, छत्तीस हजारांचा हप्ता आरामात बसतो, साडेएकेचाळीस लाख मिळतील." साडेआठ टक्के दरानं वीस वर्षांच्या कर्जाला लाखामागे ८६८ रुपये हप्ता पडतो, त्यामुळे त्याचं गणित चुकलेलं नव्हतं. पण अर्धा पगार हप्त्यात घालणाऱ्या घरात बहुतेक वेळा दुसरा पगार येत असतो. एकाची नोकरी गेली, कुणी आजारी पडलं, तर दुसरा चार महिने ओढून नेतो. आपल्याकडे तो दुसरा नाही. माझ्या लेखी एकटीच्या हिशेबातला सगळ्यात मोठा आकडा हाच, आणि तो कुठल्याच फॉर्मवर लिहायला जागा नसते.

म्हणून मी उलटीकडून निघाले. आधी महिन्याचा खर्च लिहिला, त्यात आईबाबांना पाठवायचे पैसे आणि बचत धरली, आणि उरलं तेवढाच हप्ता. तो २८ हजारांच्या आत आला. कर्ज ठरलं ३२ लाख, हप्ता २७,७७०. घर त्यानंतर शोधायला लागले.

हप्ता झेपेल की नाही हे आधी कसं कळणार?

रंगीत तालीम करून. माझं भाडं १३,००० होतं आणि होणारा हप्ता जवळजवळ २८,०००. मधले पंधरा हजार दर एक तारखेला दुसऱ्या बँकेतल्या खात्यात टाकायला लागले, ज्याचं एटीएम कार्डच घेतलं नव्हतं. असं आठ महिने केलं. तिसऱ्या महिन्यात चुलतभावाचं लग्न आलं आणि वीस तारखेलाच खिशात खडखडाट झाला. तेव्हा कळलं की वर्षातून दोनदा येणारे खर्च मी धरलेच नव्हते. हे हप्ता चालू झाल्यावर कळलं असतं तर क्रेडिट कार्डावर गेले असते. तालमीत जमलेले जवळजवळ सव्वा लाख पुढे मुद्रांक शुल्कात कामी आले, तो वेगळा फायदा.

डाउन पेमेंट जमलं की झालं ना?

नाही. इथेच सगळे फसतात, मीही फसले, म्हणून सविस्तर लिहिते.

फ्लॅट ४२ लाखांचा, रीसेल, म्हणजे आधीच्या मालकाकडून घेतलेला. कर्ज ३२ लाख, म्हणजे पदरचे १० लाख. एवढी तयारी होती आणि मी निवांत होते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढे ७५ टक्क्यांपर्यंतच रक्कम मिळते. आणि या किमतीत मुद्रांक शुल्क, नोंदणी धरत नाहीत. ते सगळं आपल्या खात्यातून.

पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क सगळे अधिभार मिळून ७ टक्के. घर फक्त बाईच्या नावावर असेल तर १ टक्का सवलत, म्हणजे मला ६ टक्के लागलं: २,५२,०००. (करारातली किंमत आणि रेडी रेकनरची, म्हणजे सरकारी दरपत्रकातली, किंमत यांतली जी जास्त तिच्यावर हे आकारतात, तेव्हा "करारात कमी दाखवू" म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.) नोंदणी शुल्क १ टक्का, पण जास्तीत जास्त ३०,०००. ब्रोकर एक टक्का, ४२,०००. वकिलाचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या कागदांची छाननी, ८,०००. बँकेची प्रोसेसिंग फी, लीगल आणि व्हॅल्युएशन मिळून १५,०००. सोसायटीला हस्तांतरणाचे २५,०००. हे प्रीमियम महापालिका हद्दीत २५ हजारांपेक्षा जास्त मागता येत नाही, आणि ते विकणाऱ्यानं द्यायचं की घेणाऱ्यानं हे टोकन देण्यापूर्वी बोलून घ्यावं. मी बोलले नाही, मग मीच भरले.

मग घरात पाय ठेवला. किचनच्या ट्रॉल्या गंजलेल्या, बाल्कनीला ग्रिल नाही, गीझरच्या पॉइंटची वायर जळकी. पडद्याचे रॉड लावायला आलेला ड्रिलवाला भोकामागे ५० रुपये घेतो हे मला चौदावं भोक पाडून झाल्यावर समजलं. हे सगळं आणि टेम्पो धरून १,६०,०००.

बेरीज पंधरा लाख बत्तीस हजार. दहाची तयारी होती. वरचे काही तालमीच्या खात्यातून, काही पीएफमधून आणि दोन लाख बाबांकडून हातउसने आले. बाबांचे पैसे खात्यातूनच घेतले. आईवडिलांकडून आलेल्या पैशांवर मुलीला कर लागत नाही, पण कागद असलेला बरा.

तेव्हा घराच्या किमतीच्या बारा ते तेरा टक्के "बाकीचे" म्हणून वेगळे धरा आणि ते डाउन पेमेंटमध्ये मोजू नका. घर ५० लाख किंवा त्याहून महाग असेल तर विकणाऱ्याला पैसे देताना १ टक्का टीडीएस कापून सरकारजमा करायची जबाबदारीही घेणाऱ्याचीच असते, हेही लक्षात राहू द्या.

वडिलांचं किंवा भावाचं नाव करारात घालू का?

बार्शीहून हा आग्रह फार झाला. "एकट्या मुलीच्या नावावर कशाला?" यावर माझं उत्तर रुपयांत होतं: पुरुषाचं नाव आलं की एक टक्क्याची सवलत जाते. माझ्या बाबतीत ४२,०००. काकांनी त्यानंतर विषय काढला नाही. आईचं नाव चालतं, कारण सगळ्या खरेदीदार बायका असल्या की सवलत मिळते. पण पैसे भरणारी मी, तर मालकही मीच. सहकर्जदार आणि सहमालक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बँकेत सही करण्यापूर्वी कुठला कागद कशाचा आहे हे विचारा.

भाडं म्हणजे पैसे पाण्यात, त्यापेक्षा हप्ता बरा. खरं का?

पैशापुरतं बोलायचं तर पहिली काही वर्षं खोटं. माझा पहिला हप्ता २७,७७०. त्यातले २२,६६७ व्याज आणि ५,१०३ मुद्दल. वर्षभरात बँकेला ३ लाख ३३ हजार दिले आणि कर्ज कमी झालं अवघं ६४ हजारांनी. स्टेटमेंट बघून मी आधी शाखेत फोन लावला होता, काहीतरी चुकलंय म्हणून. असाच फ्लॅट आमच्या बिल्डिंगमध्ये चौदा हजारांनी भाड्यानं जातो. म्हणजे पाण्यात जायचेच असतील तर व्याजाचे जास्त जातात.

तरी मी घेतलं, आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. दर अकरा महिन्यांनी करार संपायचा. घरमालकीण चहा पाजून विचारायची, "मग लग्नाचं काय?" आणि त्या प्रश्नाच्या उत्तरावर भाडं वाढणार की घर सोडायचं हे ठरायचं. एकदा बाबा चार दिवस राहायला आले तर "पाहुणे किती दिवस?" असा मेसेज आला. ते सगळं बंद करायची किंमत मी महिना आठ-नऊ हजार धरली. तुम्हाला चांगला घरमालक मिळाला असेल आणि दोन-तीन वर्षांत शहर बदलायची शक्यता असेल, तर खुशाल भाड्यानं राहा.

तुझा महिन्याचा हिशेब दाखव ना.

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि विचारणारी आवाज खाली आणून विचारते. लाजायचं काय त्यात?

हातात ७२,०००. हप्ता २७,७७०. सोसायटीचा मेंटेनन्स २,४००, उन्हाळ्यात टँकर वाढले की त्यावर आणखी तीन-चारशे. वीज ९००, गॅस ४५०, मोबाइल आणि इंटरनेट ९००. किराणा, भाजी, दूध ८,५००. दुधाचे खाडे मी अजून आईसारखे कालनिर्णयवरच मांडते, ॲपवर नाही, कारण भिंत रोज समोर दिसते. भांडी-फरशीला येणाऱ्या मावशींचे १,८००. पेट्रोल आणि गाडीचं बारीकसारीक ३,०००. आईबाबांना ५,०००. टर्म (आपण गेल्यावरच घरच्यांना पैसे देणारा) आणि आरोग्य विम्याचे महिन्याला २,५०० बाजूला. कपडे, औषधं, बाहेरचं खाणं, नाटक मिळून ५,०००. बचत ८,०००.

आणखी ४,००० जातात "वार्षिक डब्यात". हा डबा मला त्या लग्नाच्या महिन्यानं शिकवला. मालमत्ता कर, गाडीचा विमा, वॉटर प्युरिफायरची सर्व्हिस, दिवाळी, आहेर, बार्शीच्या फेऱ्या हे खर्च महिन्याला दिसत नाहीत आणि आले की एकदम येतात. वर्षाचे ४८ हजार होतात, मी बाराने भागून ठेवते. हे वेगळं रिकरिंग खातं आहे, बचतीत मोजलेलं नाही.

बेरीज ७०,२२०. उरलेल्या पावणेदोन हजारांचं काय होतं ते मलाही माहीत नाही. ते शोधायचं मी सोडून दिलंय.

मालमत्ता कराचं एक: पुणे महापालिकेत स्वतः राहत असलेल्या घराला करात ४० टक्के सवलत आहे. आधीच्या मालकानं फ्लॅट भाड्यानं दिलेला असेल तर ती लागलेली नसते. पीटी-३ अर्ज भरून घ्या. मी पहिलं बिल मुकाट्यानं भरलं, शेजारच्या आजोबांनी सांगितल्यावर जागी झाले.

अडीनडीसाठी किती ठेवायचे?

हप्ता, मेंटेनन्स, जेवणखाण, विमा आणि घरी पाठवायचे पैसे मिळून माझा न टाळता येणारा खर्च पन्नास हजारांच्या आसपास आहे. दोन पगार असलेल्यांनी तीन-चार महिन्यांचे ठेवले तर चालतं. मी सहा महिन्यांचे, म्हणजे तीन लाख धरले. निम्मे एफडीत, निम्मे लिक्विड फंडात (पैसे पटकन काढता येणारा म्युच्युअल फंड). घर घेताना हे मोडले नाहीत. ट्रॉल्या राहिल्या असत्या तरी चाललं असतं.

व्याजदर वाढला तर?

वाढतोच कधी ना कधी. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराची, गृहकर्जं बाहेरच्या दराशी, बहुतेक ठिकाणी रेपो दराशी (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं पैसे देते तो) जोडलेली आहेत. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या दहा महिन्यांत रेपो ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला. माझ्या एका मैत्रिणीनं त्याच्या आधी पावणेसात टक्क्यांनी कर्ज घेतलं होतं. ३२ लाखांवर हिशेब करून बघा: पावणेसातला हप्ता २४,३३२. दर सव्वानऊ झाला की नुसतं महिन्याचं व्याजच २४,६६७. म्हणजे ताज्या कर्जावर जुनाच हप्ता ठेवला तर मुद्दल सोडा, व्याजही फिटत नाही. दर थोडाथोडा वाढत असतो तेव्हा बँका बहुधा आधी मुदत वाढवतात, हप्ता तोच राहतो, आणि आपल्याला वाटतं काही झालंच नाही. तिची वीस वर्षांची मुदत किती झाली हे तिनं दीड वर्षानं पाहिलं.

२०२५ मध्ये रेपो ६.५ वरून डिसेंबरपर्यंत ५.२५ वर आला, तेव्हा माझाही दर उतरला. मी बँकेला लेखी कळवून हप्ता तोच ठेवला आणि मुदत कमी करून घेतली. दर वाढतो तेव्हा दोन टक्के वरच्या दरानं हप्ता काढून बघायची सवय ठेवा. ३२ लाखांवर पाव टक्क्याचा फरक म्हणजे महिन्याला पाचशेच्या आसपास.

कर्जाबरोबर विमा घ्यावाच लागतो का?

नाही. माझ्या बँकेत मंजुरीच्या कागदांत ६८,००० रुपयांचा एकरकमी विमा कर्जातच मिळवलेला निघाला. मी नको म्हटलं होतं. विचारल्यावर उत्तर आलं, "सगळेच घेतात मॅडम, हप्त्यात चारपाचशेचाच फरक." चारपाचशेचा नाही, तर ५९० रुपयांचा, आणि तोही वीस वर्षं. मी ते काढून नवा कागद मागितला, दोन दिवस गेले, पण काढला. पॉलिसी आधीच निघाली असेल तरी ती हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. विमा हवाच, पण साधी टर्म पॉलिसी स्वतंत्र घ्या. कर्ज दुसऱ्या बँकेत हलवलं तरी ती आपलीच राहते.

तिथेच शेजारी २८ लाखांत फ्लॅट मिळतोय, मग ४२ लाख का?

कारण त्या बिल्डिंगला भोगवटा पत्र (बांधकाम मंजुरीप्रमाणे झालं, राहायला हरकत नाही असा पालिकेचा दाखला) नसतं. आमच्या भागात गुंठ्यातल्या, म्हणजे जमिनीचे छोटे तुकडे पाडून मंजुरीशिवाय बांधलेल्या, बिल्डिंगा ढिगानं आहेत. धायरी महापालिकेत २०१७ साली आली, त्याच्या आधीचंही बांधकाम पुष्कळ. मोठ्या बँका अशा घराला कर्ज देत नाहीत, मग खाजगी फायनान्सवाले चढ्या दरानं देतात आणि हप्त्यातली बचत तिथेच संपते. पुढे विकायला गेलात की घेणाऱ्याची बँकही नाहीच म्हणते. मी असे दोन फ्लॅट पाहिले होते. एकात उन्हं फार सुंदर यायची. अजून आठवतात.

रीसेल घेताना भोगवटा पत्र, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा खरेदीचा उतारा), आधीच्या सगळ्या करारांची साखळी, शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचा कागद) आणि सोसायटीची थकबाकी नसल्याचं पत्र एवढं तरी वकिलाच्या हाती द्या. आणि विजेचं शेवटचं बिल बघा. मी बघितलं नव्हतं, ३,१४० रुपये आधीच्या मालकाचे भरले.

नवीन प्रोजेक्टमध्ये घ्यायचं की रीसेल?

एकटीला रीसेल किंवा तयार घर सोपं जातं, कारण बांधकाम चालू असताना भाडं आणि कर्जाचं व्याज दोन्ही एकाच पगारातून जातं. बांधकाम चालू असलेल्या घरावर ५ टक्के जीएसटी आहे (४५ लाखांपर्यंतच्या आणि ठरलेल्या क्षेत्रफळातल्या परवडणाऱ्या घरांना १ टक्का), पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घरावर नाही. नवीनच हवं असेल तर महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) साइटवर प्रोजेक्टचा नोंदणी क्रमांक आणि ताब्याची तारीख बघा. करार नोंदवण्याआधी बिल्डरला १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही.

बोनस आला तर कर्जात भरू की एसआयपी करू?

मी अर्धाअर्धा करते. फ्लोटिंग दराच्या गृहकर्जात आधी पैसे भरल्यास दंड नसतो. वर्षाला एकच हप्ता जादा भरला तरी वीस वर्षांचं कर्ज तीनेक वर्षं आधी संपतं.

टॅक्स तर वाचतोच ना?

घर घ्यायचं हे कारण असेल तर थांबा. स्वतः राहायच्या घराच्या व्याजावरची दोन लाखांपर्यंतची सूट आणि मुद्दलावरची सूट जुन्या करप्रणालीतच मिळते. नव्या प्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या पगारी उत्पन्नाला करच लागत नाही. माझा पगार त्यातच बसतो. नसलेला कर वाचवणार कसा?

उद्या लग्न झालं तर घराचं काय?

घर माझं ते माझंच राहतं. प्रश्न खरा तर दुसरा विचारायला हवा: उद्या मीच नसले तर? सोसायटीत नॉमिनी लावला म्हणजे तो मालक होत नाही. हिंदू वारसा कायद्यानुसार अविवाहित मुलीनं मृत्युपत्र केलं नसेल तर घर आईवडिलांकडे जातं. लग्न झालेलं असेल आणि मूल नसेल तर नवऱ्याकडे, आणि तोही नसेल तर त्याच्या वारसांकडे, आपल्या आईवडिलांच्या आधी. हे वाचून मी त्याच आठवड्यात मृत्युपत्र केलं. साधा कागद, दोन साक्षीदारांच्या सह्या, नोंदणी सक्तीची नाही. साक्षीदार ऑफिसातले दोघे होते. एकीनं सही करताना विचारलं, "तब्येत बरी आहे ना तुझी?"

वास्तुशांतीला किती खर्च आला?

काकांच्या यादीत ऐंशी माणसं होती. केटरर, मंडप, आहेर धरून लाखाच्या वर जात होतं आणि माझ्या खात्यात त्या दिवशी अकरा हजार होते. आईबाबा, मी आणि लग्नाविषयी विचारणारी जुनी घरमालकीण एवढेच होतो. तिला मुद्दाम बोलावलं होतं. नव्या शेगडीवर दूध उतू घालवलं, गुरुजींना दक्षिणा दिली, आईनं शिरा केला. सगळं मिळून ४,२००. काकांना सांगितलं, वास्तुशांत बोनस आल्यावर. दोन बोनस झाले.